फुंकणीची मोटार

आमच्या रिठदच्या घरी मोटार आली ती माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला तेव्हा अजून दोनेक वर्षं होती. एक गोरा अंमलदार विलायतेला परत निघाला होता आणि त्याची गाडी अकोल्यात गिऱ्हाइकाची वाट पाहत उभी होती. कोणी पुढं येईना, कारण त्या गाडीच्या इंजिनाला इतर गाड्यांना नसतो असा एक जास्तीचा पंखा होता, आणि तो बिघडला तर अख्ख्या वऱ्हाडात दुरुस्त करणारा मिळणार नाही असं सगळे म्हणत. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नेमकी तीच घेतली. लोक ज्याला हात लावायला कचरतात ते घरी आणायचं, हा त्यांचा स्वभाव. सूनही त्यांनी तशीच पाहून आणली, असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. माझी जीभ माहेरापासूनच तिखट, त्यामुळं मला त्यावर काही बोलता यायचं नाही.

गाडीबरोबर तिचा ड्रायव्हरही आला. वाशीमचे मुसलमान, पन्नाशीला टेकलेले, साहेबाकडे पहिल्यापासून हीच गाडी चालवलेले. घरात सगळे त्यांना चाचा म्हणू लागले. गाडी ठेवायला मामाजींनी बैलांचा एक गोठा रिकामा करून दिला होता. तिथं चाचांनी मला पहिल्यांदा बॉनेट उघडून आतला पंखा दाखवला.

"बाई, साद्या गाडीचं इंजिन आपली हवा आपन वढते," ते म्हणाले. "याले मात्र पाजा लागते. हा पंखा हवा दाबून दाबून याच्या पोटात भरते. मंग त्याच इंजिनात दीडपट जोर येते."

"म्हणजे चुलीची फुंकणीच की," मी म्हटलं.

चाचा इतके हसले की त्यांना बॉनेट खाली ठेवावं लागलं. चार दिवसांत सगळं गाव तिला फुंकणीची मोटार म्हणायला लागलं. मामाजींना ते फारसं आवडलं नव्हतं, पण आता गावाचं तोंड कोण धरणार!

माझं माहेर अकोल्याचं. मामाजी कचेरीच्या कामाला पंधरा दिवसांनी अकोल्याला जात, पण मला काही दर वेळी सोबत नेत नसत. चाचा मात्र दर खेपेला मामाजींना कचेरीत सोडलं की माझ्या आईकडे जाऊन येत. त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. परत आले की गोठ्याच्या दारात उभे राहून मला सगळा अहवाल देत. आईनं काय रांधलं होतं, तिचा गुडघा कसा आहे, बाबा कोणावर डाफरले, मोगऱ्याला किती कळ्या आल्या आहेत. आईचा आवाज काढून बोलत. "पोरगी जेवते का वं पोटभर?" असं ते आईच्या सुरात विचारायचे, आणि मी हसता हसता पदर डोळ्यांना लावायची. नव्या घरात मला रुळवलं ते सासूबाईंनी नाही, माझ्या नवऱ्यानंही नाही, चाचांनी रुळवलं. आज हे लिहिताना लपवायचं काही कारण नाही.

हिवाळाभर गाडीनं मामाजींची मान ताठ ठेवली. अकोल्याहून येताना पातूर सुटलं की घाट लागतो तो मेडशीच्या अलीकडे संपतो. बाकीच्यांच्या मोटारी तिथं कण्हत चढायच्या. आमची मात्र भरल्या माणसांनिशी सरसर वर यायची, आणि मामाजी मेडशीच्या लोकांकडे बघून उगाचच मिशीवरून हात फिरवायचे.

चैत्र लागला आणि गाडीला काय झालं कोण जाणे. दुपारच्या वेळी परत येताना अर्ध्या घाटात तिचा जीव जायला लागला. इंजिनातून टकटक आवाज यायचा, जोर उतरायचा, आणि शेवटी चाचा सोडून सगळ्यांना खाली उतरून चालावं लागायचं. बैलगाडीवाले बाजूनं पुढं जायचे आणि जाताना मान वळवून बघायचे. एकदा तर एकानं आपले बैल जुंपून देऊ का, असं विचारलं. मामाजी त्या रात्री जेवले नाहीत.

सासूबाईंचं निदान झालं की गाडीला ऊन लागलं आहे. उन्हात निघणाऱ्या माणसाच्या खिशात आपण कांदा टाकतो, तसा त्यांनी एक मोठा पांढरा कांदा बॉनेटच्या पुढच्या जाळीला बांधला. कांदा अकोल्याला जाऊन शिजून परत आला. मी सासूबाईंना खूप हसले, आणि मग स्वतः त्यांच्याहून मोठी चूक केली.

माझं म्हणणं असं की घर गार करायला आपण दाराला वाळ्याची ताटी लावतो आणि तिच्यावर पाणी मारतो; मग गाडीच्या तोंडावर का नाही? चाचा नको म्हणाले, पण मी हट्टाला पेटले होते. मी स्वतः जाड वाळा घेऊन घट्ट ताटी विणली, रेडिएटरच्या जाळीवर बांधली आणि भिजवली. त्या खेपेला मीही माहेराहून परत यायला गाडीत होते. सोबत मामाजी, सासूबाई आणि मामाजींचे धाकटे भाऊ, माझे काकाजी. पातूरपर्यंत वाळ्याचा असा वास सुटला होता की सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. मग घाटाच्या पहिल्याच वळणाला रेडिएटरचं झाकण उडालं आणि उकळतं पाणी कारंज्यासारखं वर गेलं. ताटीनं वारा अडवला होता. रेडिएटरला वाराच मिळाला नव्हता.

काकाजी खाली उतरले. त्यांना मोटारीतलं काही कळत नव्हतं, पण संशय घ्यायला त्यांना कळावं लागत नसे.

"दादा, मी मयन्यापासून सांगून राह्यलो," ते म्हणाले. "हा अकोल्यात पेट्रोल इकते आन् टाकीत रॉकेल भरते. रॉकेलवर गाडी अशीच टकटक करते, कोनालेही इचारा. आता तं इंजिनच जाळाले निंगाला."

रॉकेलनं गाडी टकटक करते हे खरं होतं. तेच तर वाईट होतं.  रस्त्यावर तीन बैलगाड्या थांबल्या होत्या. मामाजी चाचांजवळ गेले आणि म्हणाले, "हात दाखव."

चाचांनी दुआ मागताना धरतात तसे दोन्ही तळवे पुढं केले. मामाजींनी वाकून त्यांचा वास घेतला. आधी उजव्याचा, मग डाव्याचा.

पातूरला ताटी त्यांनीच पुन्हा भिजवली होती; त्यांच्या हातांना वाळ्याचा वास येत असणार. मामाजी मागं सरले. पण "रॉकेल नाही" असं त्यांनी म्हटलं नाही, आणि चाचांचे हात बराच वेळ तसेच पुढं राहिले. ताटी कोणाची, हे चाचांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. एरवी नको तिथं चुरूचुरू बोलणारी मी, त्या दिवशी तीन गाडीवानांसमोर तोंड उघडायला घाबरले. त्याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाजींच्या पुढं जाऊन उभी राहिले आणि ताटी माझी होती, चाचांनी नको म्हटलं होतं, हे सांगून टाकलं.

"बरं," मामाजी म्हणाले. "ताटी तुही. पन ताटी तं कालच लागली. गाडी मयन्यापासून काहून मरून राह्यली?"

 मी तशीच गोठ्यात गेले. चाचा गाडी पुसत होते, पण रोजच्यासारखे गुणगुणत नव्हते.

"मी चाललो, बाई," ते म्हणाले. "पन आज नाई. आज गेलो तं चोर म्हनून जाईन. माही पोरगी लग्नाची हाये. वाशीमात लोक म्हनतीन, बापाच्या हाताचा मालकानं वास घेतला. येक डाव ही गाडी भर दुपारी घाट चढली पायजे. मंग मी या दारात उभा नाई राह्यचा."

"अहो पण चढली तर जायचं कशाला?"

"चढली तरच जाता येते, बाई."

मला त्यांचा राग आला, काकाजींचा आला, मामाजींचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. राग आला की मला काम सुचतं. मी म्हटलं, इंजिन चालू करा आणि मला दाखवा हे हवा घेतं कुठून.

चाचांनी इंजिन चालू केलं. हवा ओढायचं तोंड बॉनेटच्या आतच होतं, रेडिएटरच्या बरोबर मागं. मी तिथं तळहात धरला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. रेडिएटरमधून तापून आलेला वारा, त्यात इंजिनाची स्वतःची धग, आणि तीच हवा ते तोंड आत ओढत होतं.

"चाचा, फुंकणी फुंकताना कधी पाहिलंय का कोणाला?"

त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मी स्वयंपाकघरातून फुंकणी आणली आणि गोठ्यातच उकिडवी बसून दाखवलं. चूल फुंकणारी बाई श्वास चुलीकडे तोंड करून कधीच घेत नाही. तोंड बाजूला वळवायचं, बाहेरची हवा छातीत भरून घ्यायची, आणि मग फुंकणीला तोंड लावायचं. हे कोणी शिकवत नाही. पहिल्याच दिवशी ठसका लागला की आपोआप कळतं. तुमचं हे इंजिन चुलीत तोंड घालून श्वास घेतंय, मी म्हटलं. त्याला ठसका लागणार नाही तर काय होईल?

 चाचांनी कोपऱ्यातला सायकलचा पंप घेतला, बोटानं त्याचं भोक दाबून चारपाच वेळा जोरात मारला आणि पंपाचं खालचं टोक माझ्या हाताला लावलं. ते चांगलंच तापलं होतं.

"दाबली की हवा तापतेच," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला होता. "ही आदीच तापलेली वढते. पंखा दाबून तिले आनखी तापवते. तापलेली हवा फुगते, बाई. पोट भरल्यावानी वाटते, पन भरत नाई. म्हनून जोर नाई. आन् तिच्यात पेट्रोल पडलं की येळेच्या आदीच भडकते. म्हनून टकटक. रॉकेल टाकल्यावर होते तशीच. हिवाळ्यात हवाच थंडी होती, म्हनून कळलं नाई." त्यांनी कपाळावर हात मारला. "इतके साल चालवली म्या हे गाडी! साहेब तं उन्हाळ्यात रेल्वेनं पहाडावर जायचा. उन्हाळ्यात हिनं कधी घाट पाह्यलाच नाई!"

रिसोडच्या टिनवाल्याकडून चाचांनी हाताच्या मनगटाएवढी नळी करून आणली. ती रेडिएटरच्या बाजूनं पुढं काढली, गाडीच्या पार नाकापर्यंत, आणि तिचं पुढचं तोंड पेरणीच्या तिफणीवर बी टाकायचं चाडं असतं तसं पसरट केलं. मागचं टोक इंजिनाच्या हवेच्या तोंडाला जुन्या ट्यूबच्या रबरानं घट्ट बांधलं. नळी रिकाम्या रॉकेलच्या डब्याची होती. मी म्हटलं, काकाजींना हे कळलं तर त्यांना आयताच पुरावा मिळेल. त्यावर चाचा महिन्यात पहिल्यांदा हसले.

चाड्याच्या तोंडावर वाळा लावायचा होताच, पण या खेपेला मी एकेरी आणि विरळ विणला, पलीकडचा माणूस दिसेल इतका. हवा थांबता कामा नये, नुसती ओल चाटून आत गेली पाहिजे. विणता विणता मला सारखं वाटत होतं की हे आपण काय करतो आहोत. ही गाडी चढली की चाचा जाणार. न चढली तर राहतील, पण चोर होऊन राहतील. मी वाळा उसवला नाही. पण दोनदा हात थांबला, हे खरं.

चाचांनीच मामाजींना सांगितलं. "मालक, येक डाव भर दुपारी चला. मांगं होते तेवढेच लोक घ्या, काकाजीलेही घ्या. पेट्रोल तुमीच आपल्या हातानं वता. मी टाकीजवळ उभा राह्यत नाई."

वैशाखातला दिवस होता. अकोल्यात मामाजींनी पेट्रोल स्वतः ओतलं. चाचा तेव्हा रस्त्याच्या पलीकडे पाठ करून उभे होते. आम्ही बाराच्या ठोक्याला निघालो. पातूरला चाचांनी वाळ्यावर तांब्याभर पाणी शिंपडलं आणि घाटाला लागलो. सागाला पान नव्हतं, रस्त्यावरचा फुफाटा पांढरा झाला होता, आणि वारा असा होता की डोळे उघडे ठेवणं जड जावं. पहिलं वळण गेलं. काकाजी पुढं वाकून कान देत होते. दुसरं वळण गेलं. जिथं गाडी दर वेळी मान टाकायची ती चढण आली, आणि सासूबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली. टकटक नाही. इंजिनाचा एकसारखा घुमारा आणि त्यामागं पंख्याची बारीक शीळ, बस. एका बैलगाडीला आम्ही मागं टाकलं तेव्हा मामाजींचा हात मिशीकडे गेला आणि मध्येच थांबला.

घाटमाथ्यावर चाचांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरले. फडक्यानं स्टीअरिंग पुसलं, फडकं घडी करून सीटवर ठेवलं.

"मालक, चढली," ते म्हणाले. "रॉकेल नव्हतं."

"नव्हतं," मामाजी म्हणाले.

"मंग जातो मी. मेडशीतून भेटन काईतरी वाशीमले जायले. सलाम." सासूबाईंना त्यांनी हात जोडले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि पाहिलं नाही ते बरंच झालं. ते मेडशीच्या रस्त्याला लागले.

"जाऊ दे, दादा," काकाजी म्हणाले. "ड्रायव्हर काय, दुसरा भेटते."

"मग तोवर तुम्हीच चालवा ना, काकाजी," मी म्हटलं. सुनेनं चुलत सासऱ्याला असं बोलू नये. सासूबाईंनी मला चिमटा काढला नाही, यावरून काय ते समजा.

मामाजी तसेच बसून होते. चाचा थोडे लांब गेल्यावर एकाएकी त्यांनी दार उघडलं आणि ते खाली उतरून त्यांच्या मागं चालायला लागले. हाक मारली नाही. हा माणूस गावात चार घरं पलीकडे जायचं तरी दमणी जुंपायला सांगायचा.

"अवं, यायचे जोडे तं इथंच हायेत!" सासूबाई म्हणाल्या.

मामाजी बैठकीवर बसावं तसे गाडीतही जोडे काढून बसायचे. ते सीटखाली पडले होते. आणि समोर, त्या भाजणाऱ्या फुफाट्यात, ते अनवाणी चालले होते. सासूबाईंनी त्यांना हाक मारली, पण वाऱ्यात ती पोचली नसावी. पुढं चाचा, मागं वीसएक पावलांवर मामाजी. दोघं लहान होत गेले. पुढं एक कडुलिंब होता, तिथं चाचा थांबलेले दिसले. मामाजीही थांबले. मग बराच वेळ काहीच हललं नाही. 

दोघं सोबत परत आले. मामाजी पुढच्या सीटवर, चाचांच्या शेजारी बसले.  चाचांनी त्यानंतर आमची गाडी अकरा वर्षं चालवली, आणि त्यांच्या मुलीच्या लग्नात मामाजी पहिल्या पंगतीला जेवले.

पण तिथं काय बोलणं झालं हे मला कळल्याशिवाय चैन पडणार नव्हतं. मामाजींना विचारायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात जाऊन चाचांनाच विचारलं.

"कोनी काई बोललं नाई, बाई," ते म्हणाले. "मी चाललो, तेही चालले. मी जोरानं चाललो तं तेही जोरानं. मंग मी लिंबाच्या सावलीत थांबलो. वाटलं, आता येतीन आन् बोलतीन. पाह्यतो तं मालक उन्हातच उभे. पायात काई नाई, पाय भाजून राह्यले, तरी सावलीत येऊन नाई राह्यले." चाचांनी हातातलं फडकं उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. "मी होतो ना त्या सावलीत. माह्याजवळ यायची हिंमत होऊन नवती राह्यली त्यायची. मंग मीच म्हनलं, मालक, सावलीत या."